जर्मनीत मास्टर्स: आधी मार्कशीट उघड, विद्यापीठांची यादी नंतर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी कोपरखैरण्याची. मुंबई विद्यापीठातून मेकॅनिकलला बीई केलं, सीजीपीआय ७.३, तिसऱ्या सेमिस्टरला एक केटी. दोन वर्षं महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिझाइनला आहे. जर्मनीत मास्टर्स करायचंय. वाशीतला एक कन्सल्टंट म्हणतो की त्यांची सेवा पूर्ण मोफत आहे, पाच विद्यापीठांत अर्ज करू, दोन आठवड्यांत ऑफर लेटर येईल, फक्त फीचा पहिला हप्ता लगेच भरावा लागेल. बाबा लवकरच रिटायर होतायत. ते म्हणतात, घरावर कर्ज काढू. हे बरोबर चाललंय का? सुरुवात कुठून करू?"

थेट सांगते. हप्ता भरू नकोस, निदान हे वाचून बाबांबरोबर आकडे मांडेपर्यंत तरी नाहीच. तुझी फाइल चांगली आहे. ७.३ सीजीपीआय, म्हणजे दहापैकी सरासरी गुणांक, आणि दोन वर्षांचं डिझाइनचं काम असलेली मुलगी जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात अर्ज करू शकते, आणि तिथे बहुतेक राज्यांत ट्यूशन फी नाही. एका केटीने, म्हणजे राहून नंतर सोडवलेल्या एका पेपरने, काही अडत नाही. तिथे अंतिम ग्रेड आणि शिकलेले विषय बघतात. केटीची मार्कशीट मात्र लपवू नकोस, सगळ्या मार्कशीट्स जशाच्या तशा जोड.

मी ठाण्यात नौपाड्यात बसते, या भागातल्या मुलांच्या परदेशी अर्जांचं काम बरीच वर्षं करते आणि त्यासाठी मुलांकडून फी घेते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पैसा कुठून येतो यावर सल्ला कसा मिळतो हे पुष्कळ अवलंबून असतं. मोफत सेवा देणाऱ्याला त्याचे पैसे विद्यापीठाकडून कमिशन म्हणून मिळतात. ब्रिटन, ऑस्ट्रेलियात ही पद्धत रूढ आहे आणि उघड आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांना मुळात विद्यार्थ्याकडून फीच मिळत नाही, तर ती एजंटला कमिशन कुठून देणार? देतात त्या खासगी संस्था. म्हणून तुला मिळालेली पाच नावं आज रात्री एकेक करून तपास. वार्षिक फी दहा-पंधरा हजार युरो दिसली की ती बहुधा खासगी संस्था समजायची. दोन आठवड्यांत ऑफर लेटर आणि लगेच हप्ता, हाही खासगी संस्थेचाच रिवाज आहे. सरकारी विद्यापीठ उत्तर द्यायला अनेक आठवडे घेतं आणि जागा राखायला आगाऊ पैसे मागत नाही.

सगळ्या खासगी संस्था वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. काही सरकारमान्य आहेत आणि नीट शिकवतात. पण तिथे जायचंच ठरलं तर तीन गोष्टी पक्क्या कर. संस्थेला त्या राज्याची मान्यता आहे का, अनाबिन या जर्मन डेटाबेसमध्ये तिच्यापुढे एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, असं लिहिलंय का, आणि अभ्यासक्रम पूर्णवेळ, वर्गात बसून शिकवला जातो का. अर्धा ऑनलाइन चालणारा अभ्यासक्रम विद्यार्थी म्हणून मिळणाऱ्या निवास परवान्याच्या आड येऊ शकतो, कारण तो परवाना प्रत्यक्ष तिथे शिकण्यासाठी असतो.

आता सुरुवात कुठून. बहुतेक मुलं रँकिंगची यादी उघडतात, तू मार्कशीट उघड. आठही सेमिस्टरच्या मार्कशीट्स टेबलावर मांड आणि दोन कामं कर.

पहिलं काम ग्रेडचं. जर्मनीत १ सर्वांत चांगला आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपले गुण तिकडच्या मापात आणायला सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: सर्वोच्च गुणांतून तुझे गुण वजा करायचे, त्याला सर्वोच्च आणि किमान पास यांच्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं आणि एक मिळवायचा. दहाच्या मापात पास होण्याचा किमान गुणांक ४ धरला तर तुझं गणित असं: १० वजा ७.३ म्हणजे २.७, भागिले ६ म्हणजे ०.४५, गुणिले ३ म्हणजे १.३५, अधिक १. तुझा ग्रेड २.३५. पुष्कळ मास्टर्स अभ्यासक्रम २.५ किंवा त्याहून चांगला ग्रेड मागतात आणि तू त्याच्या आत आहेस. ७.० ला बरोबर २.५ येतो, म्हणून सातच्या खालच्या मुलांना मी यादी वेगळी करायला सांगते. सीजीपीआयची टक्केवारी स्वतः काढून अर्जात भरू नकोस. मार्कशीटवर जे माप छापलंय तेच दे आणि ग्रेडिंग स्केलचं पान सोबत जोड. रूपांतर त्यांचं ते करतात.

दुसरं काम विषयांचं, आणि खरा निकाल इथे लागतो. जर्मन विद्यापीठ तुझ्या पदवीचं नाव बघून थांबत नाही. गणित किती, मेकॅनिक्स किती, थर्मल किती, असं क्रेडिटमध्ये मोजतं. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या नियमावलीत ही मागणी लिहिलेली असते. समजा एका ठिकाणी गणिताची वीस आणि मेकॅनिक्स-मटेरियल्सची पंचवीस क्रेडिट मागितली आहेत. मग एक तक्ता करायचा. डावीकडे त्यांची मागणी, उजवीकडे आपले पेपर. गणितासमोर इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचे पहिल्यापासून चौथ्यापर्यंतचे चारही पेपर. मेकॅनिक्ससमोर पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंग मेकॅनिक्स, मग स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, कायनेमॅटिक्स आणि डायनॅमिक्स ऑफ मशिनरी, फायनाइट एलिमेंट. थर्मलसमोर थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, थर्मल इंजिनिअरिंग. प्रत्येक पेपरसमोर तुझं क्रेडिट, आठवड्याचे तास आणि सिलॅबसचा पान क्रमांक लिही.

इथे एक बारकावा आहे. तिकडचं एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, त्यात घरी केलेला अभ्यासही धरलेला असतो, आणि वर्षाला ६० क्रेडिट होतात. आपल्या सिलॅबसमध्ये फक्त लेक्चर आणि प्रॅक्टिकलचे तास दिसतात. म्हणून आपल्या क्रेडिटला मनाने कुठल्या तरी आकड्याने गुणून 'माझी इतकी होतात' असं लिहायचं नाही. आपला आकडा, आपले तास आणि सिलॅबसची पानं द्यायची. सिलॅबस विद्यापीठाच्या वेबसाइटवरून उतरवून घे, पण तो तुझ्याच बॅचचा असू दे. तुझ्या बॅचला २०१९ची सी स्कीम, म्हणजे अभ्यासक्रमाची त्या वर्षीची आवृत्ती, असणार. २०१६ची स्कीम जोडलीस तर मार्कशीटवरची पेपरांची नावं आणि सिलॅबस जुळणार नाहीत, आणि तपासणारा माणूस जे जुळत नाही ते मोजत नाही.

हा तक्ता झाला की यादी आपोआप आखडते आणि नेमकी होते. मेकॅट्रॉनिक्स, रोबोटिक्स ही नावं सगळ्यांना खुणावतात, पण तिथे इलेक्ट्रॉनिक्स आणि कंट्रोलची क्रेडिट मागतात. आपल्या मेकॅनिकलला त्यातलं पहिल्या वर्षाचं बेसिक इलेक्ट्रिकल, चौथ्या सेमिस्टरचं इंडस्ट्रियल इलेक्ट्रॉनिक्स आणि पुढचं मेजरमेंट्स अँड कंट्रोल्स एवढंच हाती असतं, आणि पुष्कळ ठिकाणी ते कमी पडतं. चांगल्या ग्रेडची मुलं इथे बाद होताना मी दरवर्षी बघते आणि वाईट वाटतं, कारण शेजारच्याच विभागातल्या डिझाइन किंवा मॅन्युफॅक्चरिंगच्या अभ्यासक्रमात त्यांचं काम झालं असतं. तू डिझाइनला आहेस, म्हणून खेम्निट्झच्या तांत्रिक विद्यापीठातलं अॅडव्हान्स्ड मॅन्युफॅक्चरिंग, बोखुमचं कॉम्प्युटेशनल इंजिनिअरिंग आणि स्टुटगार्टचं कॉमास, म्हणजे कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्सचा अभ्यासक्रम, हे तिन्ही वाचून बघ. तिन्ही इंग्रजीत आहेत. शेवटच्या दोघांत गणित भरपूर आहे, तेव्हा मॅथेमॅटिक्सच्या चार पेपरांत तुझे ग्रेड कसे आहेत ते प्रामाणिकपणे पाहून ठरव. यासोबत दोन-तीन होखशूल, म्हणजे उपयोजित विज्ञानाची विद्यापीठं, यादीत असू दे. तिथे कंपन्यांशी संबंध जवळचे असतात आणि तुझा नोकरीचा अनुभव तिथे वजन धरतो. डीएएडी या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या वेबसाइटवर इंग्रजी अभ्यासक्रमांची शोधयादी आहे, तिथून नावं काढ आणि मागणी मात्र प्रत्येक विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावरच वाच. एकूण सात-आठ अर्ज पुरेत.

फीचे दोन अपवाद लक्षात ठेव. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह वगैरे ठिकाणी, युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला दर सेमिस्टर ४,००० ते ६,००० युरो फी लावली आहे. बाकी बहुतेक ठिकाणी सेमिस्टरचं शे-दोनशे ते चारशे युरोंचं शुल्क असतं, आणि त्यात बऱ्याचदा बस-ट्रेनचा पासही येतो.

कागदांपैकी एक कागद सगळ्यांना मागे ओढतो, तो म्हणजे एपीएस. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी हे पदवी-पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं आणि बरीच विद्यापीठं ते अर्जाच्या वेळीच मागतात. फी १८,००० रुपये. लागणारा वेळ गर्दीवर ठरतो, कधी काही आठवडे, कधी दोन-तीन महिने. तुझी पदवी हातात आहे, मग थांबायचं कारण नाही. हा अर्ज याच आठवड्यात टाक. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तारीख नंतर घेतलीस तरी चालेल. ६.५ बहुतेक ठिकाणी पुरतात.

एपीएसला पाठवण्याआधी पासपोर्ट आणि मार्कशीट शेजारी-शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर जुळव. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, वडिलांचं आणि बऱ्याचदा आईचंही. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि दिलेल्या नावात कधी वडिलांचं नाव असतं, कधी नसतं. क्रम वेगळा असेल तर सहसा अडचण येत नाही. स्पेलिंग वेगळं असेल, एका जागी एक 'ए' आणि दुसऱ्या जागी दोन, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घे. ठाण्यात कोर्ट नाक्यावर अर्ध्या दिवसात होतं. चूक पासपोर्टातलीच असेल तर ती आधी दुरुस्त करून घे, कारण पुढचा प्रत्येक कागद पासपोर्टच्या नावावर निघणार आहे. मुंबई विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्टही आताच मागवून ठेव. कलिन्याच्या परीक्षा भवनाला ऐन मार्चमध्ये घाई करायला लावता येत नाही.

तारखांचं म्हणशील तर हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. त्यासाठीची नेहमीची शेवटची तारीख १५ जुलै आहे, पण युरोपाबाहेरच्यांसाठी बऱ्याच ठिकाणी ३१ मे असते आणि काही विद्यापीठं मार्चमध्येच दार लावतात. १५ जुलै धरून चालणारी मुलं प्रवेश मिळूनही व्हिसाच्या रांगेत सत्र गमावतात. आपण मार्च धरून चालायचं. काही विद्यापीठं अर्ज स्वतःच्या पोर्टलवर घेतात, काही युनि-असिस्ट या संस्थेमार्फत. युनि-असिस्टची फी पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. त्यांची छाननी चार ते सहा आठवडे चालते, हेही धरून चल. प्रत्येक पोर्टलवरचं खातं तुझ्या स्वतःच्या ईमेलवर उघड आणि पासवर्ड तुझ्याकडेच ठेव, मदत कोणाचीही घे. दुसऱ्याच्या ईमेलवर आलेलं विद्यापीठाचं पत्र वेळेत कळलं नाही म्हणून जागा गेलेली मुलं माझ्याकडे रडत आलेली आहेत. मूळ मार्कशीट्सही कुणाच्या ऑफिसात ठेवायच्या नाहीत.

मोटिव्हेशन लेटरवर फार वेळ घालवू नकोस. एक ते दीड पान, त्यात महाप्यात तू नेमकं काय डिझाइन केलंस, कुठलं सॉफ्टवेअर वापरलंस, कुठे अडलीस आणि त्या अभ्यासक्रमातला कुठला विषय ती उणीव भरेल. लहानपणापासून यंत्रांची आवड होती हे वाक्य नको. शिफारसपत्रांपैकी एक कंपनीतल्या वरिष्ठांकडून घे.

जर्मन भाषेबद्दल मी आग्रहाने सांगते. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी मेकॅनिकलच्या नोकऱ्या जर्मनमध्ये आहेत. आयटीच्या मुलाचं इंग्रजीवर निभतं. कारखान्यात, सप्लायरशी बोलताना, ड्रॉइंगवर चर्चा करताना तुला बी१, बी२ पातळीची जर्मन लागेल (पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात). शिकता शिकता कंपनीत अर्धवेळ काम करायचं असेल तरी तेच. क्लास आजच सुरू कर. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनाला कोपरखैरण्याहून रोज जाणं जमणार नाही, पण त्यांचे ऑनलाइन वर्गही असतात. निघेपर्यंत ए२ पूर्ण झालं तर तिथे पोचल्यावर पहिलं वर्ष पुष्कळ सोपं जाईल. आणि केवळ मोटारींवर भिस्त ठेवू नकोस. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी केलेल्या करारानुसार २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५ हजारांहून अधिक जागा कमी होणार आहेत. रेल्वे, पवनऊर्जा, वैद्यकीय उपकरणं, मशीन टूल्स या बाजूंकडे बघून विषय निवड. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. तो वेळ भरपूर वाटतो, पण भाषा तेव्हा शिकायला घेतली तर पुरत नाही.

आता बाबांचा प्रश्न. व्हिसासाठी एका वर्षाचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे आणि तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरो तुझ्या हातात येतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर साधारण १२ लाख. हे पैसे फी नव्हेत, तुझ्याच खोलीभाड्याचे आणि जेवणाचे आहेत. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सार्वजनिक आरोग्य विमा दरमहा दीडशे युरोंच्या आसपास पडतो, तोही यातूनच जाईल. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या खर्चाला हातभार लागतो. पण पहिल्या वर्षाचं गणित कमाई शून्य धरूनच मांडा. अभ्यास चार सेमिस्टरचा असला तरी पुष्कळांना पाच लागतात, तेही धरा.

या रकमेत तुझी दोन वर्षांची बचत किती, ते आधी लिही. उरलेल्यासाठी सरकारी बँकेचं शैक्षणिक कर्ज बघ. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही. ट्यूशन फी नसल्यामुळे काही शाखा गोंधळतात. ब्लॉक्ड अकाउंटसाठी कर्ज देता का, हे आधी लेखी विचार. व्याजावर आयकरात आठ वर्षं वजावट मिळते, पण ती जुन्या करप्रणालीतच. घरावर कर्ज काढायचंच ठरलं तर कोपरखैरण्यात आणखी एक काम आहे: जमीन सिडकोच्या लीजवर असते, त्यामुळे गहाणासाठी सिडकोचा ना हरकत दाखला लागतो. गावठाणातलं घर असेल किंवा इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर बँक बहुधा नाही म्हणेल. हे कळायलाच महिना जातो. रिटायर होणाऱ्या माणसाचं राहतं घर खासगी संस्थेच्या फीसाठी अडकवू नये, असं माझं ठाम मत आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देतं, तिथे अर्ज कर. सामाजिक प्रवर्गात बसत असशील तर राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्यांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेव.

प्रवेशपत्र आलं की त्याच दिवशी दोन गोष्टी: व्हिसाचा अर्ज आणि त्या शहरातल्या विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज. वसतिगृहाची प्रतीक्षायादी कित्येक महिन्यांची असते. व्हिसाची फाइल पहिल्याच वेळी पूर्ण हवी. नकार आला तर पूर्वी फेरविचाराचा अर्ज मोफत करता येई. ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नव्याने अर्ज किंवा जर्मन न्यायालय, एवढेच मार्ग उरतात.

नोकरीचा राजीनामा व्हिसा हातात पडल्यावरच द्यायचा. तुमच्या कंपनीत नोटीस पिरियड तीन महिन्यांचा असेल तर ऑगस्टमध्ये व्हिसा मिळून ऑक्टोबरात पोचणं जमत नाही, म्हणून नियुक्तीपत्र काढून ते कलम आजच वाच. नोटीसऐवजी पगार भरून सुटता येतं का, हे एचआरला आडून विचारून ठेव. आणि नावनोंदणीला उशिरात उशिरा कोणत्या तारखेपर्यंत पोचलं तर चालेल, हे प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला ईमेलवर विचार. ते लेखी तारीख कळवतात, आणि तुझं विमानाचं तिकीट त्या तारखेवरून ठरेल.